पंगतीतलं मीठ

कुरणवाडीत कुणाचं लग्न ठरलं की आधी भटजींना विचारायचं की आधी अक्काताईला, यावर गावात दुमत नव्हतं. मुहूर्ताचं काय, एक हुकला तर दुसरा मिळतो. पण त्याच दिवशी अक्काताई शेजारच्या गावात कुणाच्या बारशाला अडकलेली असली, तर वऱ्हाडानं खायचं काय? काकतीवरून आत वळलं की डोंगराच्या पोटाशी हे गाव लागतं. अक्काताईच्या हातची वांग्याची भाजी खाऊन गेलेले बेळगावचे पाव्हणे घरी जाऊन आपापल्या बायकांच्या भाजीला नावं ठेवायचे आणि मग चार दिवस घरात अबोला सोसायचे.

ती माहेरची निपाणीकडची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, त्यामुळं परकर नेसायच्या वयातच चूल हिच्या ताब्यात आली. आईचा एकच दंडक होता, देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी पदार्थ चाखायचा नाही. म्हणून अक्काताई सगळं अंदाजानंच करायला शिकली. शंभर पानांच्या आमटीत मूठभर मीठ सोडताना ती क्षणभर डोळे मिटायची, आणि सोडलेलं मीठ कधी कमी पडलं नाही की जास्त झालं नाही. बाकी बायका विचारायच्या, आक्का, किती घातलंस? ती म्हणायची, पुरेल तेवढं.

स्वभावानं ती तशी मऊ, पण एका बाबतीत जमदग्नीचा अवतार. पंगतीत सरपंच बसलेला असो नाहीतर दुसऱ्याची गुरं राखणारा, वाढायचं सारखंच. एका लग्नात वरबापाच्या पानावर तुपाची धार जरा जास्तच लांबली आणि शेवटच्या पानांपर्यंत तूप पोचलंच नाही. तेव्हा हिनं वाढप्याच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि भर मांडवात त्याला सुनावलं की पंक्तिप्रपंच करणाऱ्याच्या हातचं देव खात नाही. तो वाढपी वरबापाचा सख्खा भाऊ होता. पण अक्काताईपुढं त्यानं मान खाली घातली, आणि शेवटच्या पानांसाठी दुकान उघडायला लावून तूप आणलं गेलं.

तिच्या घराला लागूनच गुणाबाईचं घर. दोघींच्या परड्यांत एकच भिंत, तीही कमरेएवढी. गुणाबाई बैलहोंगलकडची, लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. दोघी एकाच वर्षी या गावात आल्या. एक दिवस ही नवी नवरी भिंतीपलीकडं उभी राहिली, रिकामी वाटी पुढं केली आणि हळूच म्हणाली, उप्पु. अक्काताईनं वाटीकडं बघितलं, तिच्या घरातल्या चुलीवरच्या धुराकडं बघितलं आणि मीठ आणून दिलं. अक्काताई कानडीतला पहिला शब्द शिकली तो हा. पुढं गुणाबाई अस्सल बेळगावी मराठी बोलायला लागली, अक्काताई बाजारात कानडीत भाव करायला लागली, आणि भिंतीवरून वाटी जात-येत राहिली. डाळ, साखर, चहापूड गेली की परत यायची. मीठ तेवढं परत यायचं नाही. दिलेलं मीठ परत घेतलं की नातं तुटतं, असं अक्काताईची सासू सांगायची, आणि ते दोघींनीही मानलं.

अक्काताईचा नवरा नागोजी चांगला धडधाकट गडी. त्याला बीपीची गोळी चालू होती, पण ती आठवली तर घ्यायची. खारातल्या मिरच्या मात्र तो न चुकता आठवणीनं खायचा. एक दिवस उसाच्या बांधावर त्याचं अर्धं अंग गेलं. त्यानंतर तो अंथरुणातून उठलाच नाही, पुढच्या उन्हाळ्यात गेला. त्याला बेळगावला नेलं होतं तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, जेवणात मीठ जास्त असतं का हो? मुलगा विक्रम काहीतरी बोलून गेला. अक्काताई मात्र तो प्रश्न घरी घेऊन आली.

सगळं गाव जिच्या हाताच्या चवीचं कौतुक करतं, त्याच हातानं आपण नवऱ्याला रोज थोडं थोडं मारलं की काय, हे तिच्या मनात घर करून बसलं. ती हे एकट्या गुणाबाईला बोलली. गुणाबाई म्हणाली, तुझ्या हातचं सगळं गाव जेवतंय, मग सगळं गाव मेलं व्हय? अक्काताईला तेवढ्यापुरतं हसू आलं. पण त्या दिवसापासून आमटीत मीठ सोडताना तिची मूठ जरा थबकायला लागली.

अशात गावात डॉक्टर अदिती आली. बेळगावची, खडेबाजारच्या मागं तिचं घर, घराण्यात दोन पिढ्या वकिलीच्या. हिनं मात्र हृदयाच्या आजारांचा अभ्यास घेतला होता, आणि दवाखान्यात बसायचं सोडून ही गावोगाव हिंडायची. तिच्या संशोधनाचा विषय होता मीठ. साध्या मिठातलं सोडियम थोडं कमी करून त्या जागी पोटॅशियम घातलेलं एक मीठ असतं. ते घरात रोज वापरलं तर गावाचा रक्तदाब उतरतो का, लकवा आणि हृदयाचे झटके कमी होतात का, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी निम्म्या घरांना हे नवं मीठ द्यायचं, निम्म्यांनी दुकानातलंच खायचं, आणि काही वर्षं दोघांची तपासणी करत राहायची. कुणाला कुठलं मिळेल हे चिठ्ठ्यांवर.

देवळाच्या मंडपात तिनं हे गावाला नीट समजावून सांगितलं. ज्यांच्या किडन्या अशक्त आहेत त्यांनी या मिठाला शिवायचं नाही, हेही सांगितलं. अशा माणसांच्या अंगातून पोटॅशियम बाहेर पडत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. मंडपातल्या सगळ्यांनी ऐकलं. ऐकलं नाही ते एका अक्काताईनं, कारण मंडपातल्या सगळ्यांसाठी उप्पीट करायला ती देवळामागं चुलीपाशी बसली होती. लकवा टळेल का ते बघायचं आहे, एवढंच वाऱ्याबरोबर तिच्या कानावर आलं. तिला तेवढं पुरलं. पुढं घरी येऊन अदितीनं कागद वाचून दाखवला तेव्हाही अक्काताईचा एक डोळा उतू जाणाऱ्या दुधावर होता. सून सौम्यानं सही केली, हिनंही केली, आणि मग अदितीला चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

अक्काताईच्या घराला नवं मीठ मिळालं. मग तपासण्या सुरू झाल्या. दंडाला पट्टा बांधून घेण्यात गावाला काही अडचण नव्हती. पण एक अख्खा दिवस लघवी डब्यात साठवून द्यायची म्हटल्यावर बायकांची हसून मुरकुंडी वळली. डबा झाकून परसाकडं कसा न्यायचा आणि वाटेत सासरे भेटले तर काय सांगायचं, यावर पाणवठ्यावर बरेच दिवस चर्चा रंगली. काही महिन्यांनी अक्काताईचा रक्तदाब उतरला. नव्या मिठाची चव जरा फिकी होती, तर तिनं ती लिंबानं आणि आमसुलानं सावरून घेतली. नागोजीच्या फोटोला हार घालताना ती एकदा त्याला म्हणालीसुद्धा, की हे मीठ थोडं आधी यायला पाहिजे होतं.

पण गुणाबाईच्या घराला मीठ मिळालं नव्हतं. चिठ्ठ्यांमध्ये तिच्या घराचं नावच नव्हतं. अक्काताईनं अदितीला गाठून विचारलं, ते घर का वगळलं? अदिती म्हणाली, दुसऱ्याच्या घरातलं कारण मला सांगता येत नाही, आजी. तिचं बोलणं नियमाला धरून होतं. अक्काताईनं मात्र ते आपल्या पद्धतीनं घेतलं. तिच्या लेखी हा उघड उघड पंक्तिप्रपंच होता.

खरं कारण असं होतं की गुणाबाईच्या साखरेच्या आजारानं तिच्या किडन्या दुखावल्या होत्या. हे कळलं ते नेमकं नागोजी अंथरुणाला खिळला त्या वर्षी. मैत्रिणीच्या डोक्याला आणखी घोर नको म्हणून गुणाबाईनं तिला सांगितलं नाही, आणि नंतर सांगायचं राहूनच गेलं. शुगर आहे, एवढंच अक्काताईला ठाऊक होतं. शुगर तर आता दारोदारी आहे.

नव्या मिठाच्या पिशव्या आल्या तशी अक्काताईनं एक डबा भरला. सौम्या म्हणाली, आत्या, हे मीठ कुणाला द्यायचं न्हाय म्हणून सांगितलंय. अक्काताई म्हणाली, "आपल्या दाराला चांगलं आन् तिच्या दाराला न्हाय, असं मी खाऊ व्हय? घशाखाली उतरंल काय ते?" नवऱ्याचं पान मांडताना पदरानं डोळे पुसणारी सासू सौम्यानं बघितली होती, त्यामुळं तिला जास्त ताणवलं नाही.

गुणाबाईनं भिंतीवरून डबा घेतला, झाकण काढून आत बघितलं आणि अक्काताईच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाली, बरं, ठेवते. त्यानंतर दर वेळी पिशव्या आल्या की डबा भरून जाऊ लागला. अक्काताईला फार बरं वाटायचं. एकाला वाचवता आलं नाही, दुसरीला तरी वाचवते आहे, असं.

आणि गुणाबाई खंगत चालली. पायांत जोर राहिना, दोन पायऱ्या चढल्या की छातीत धडधडायचं. परडं झाडताना ती मधेच भिंतीला टेकून उभी राहायची. अक्काताईचं काळीज तुटायचं. तिच्या हातात औषध एकच होतं, ते म्हणजे रांधणं. ती रोज सकाळी तांदळाची मऊ पेज करायची, वर चमचाभर तूप सोडायची, आणि पेजेत आठवणीनं ते चांगलं मीठ घालायची. मैत्रिणीपुढं बसून शेवटच्या घोटापर्यंत तिला प्यायला लावायची. गुणाबाईही लहान पोरासारखी निमूट प्यायची.

एका सकाळी ती धुण्याच्या दगडापाशी कोसळली. मुलगा परशराम घरीच होता, त्यानं गाडी काढली. बेळगावपर्यंत गुणाबाईचं डोकं अक्काताईच्या मांडीवर होतं, आणि अक्काताई वाटभर तिचा तळवा चोळत होती. दवाखान्यात तिला आत घेतलं. नाडी फार मंद झाली होती, हृदयाचा ठेका सुटला होता. रक्त तपासलं तर पोटॅशियम भलतंच वाढलेलं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं, आणि ठोके हळूहळू जागेवर आले. मग त्यांनी परशरामला विचारलं, काय खाण्यात आलं? शहाळं? केळी? परशराम म्हणाला, आम्ही घरात केळं आणतच नाही, आई सगळं पथ्य पाळते. मग डॉक्टर म्हणाले की तसं असेल तर किडन्या पूर्णच गेल्या असं धरावं लागेल. यापुढं आठवड्याला ठरल्या वारी येऊन मशीनवर रक्त धुवून घ्यायचं, ते जन्मभर.

परशरामनं अदितीला फोन केला. ओळखीची डॉक्टर तीच. ती धावत आली, बाहेरच्या बाकड्याजवळ उभी राहून तिनं कागद वाचले आणि कपाळाला आठी घालून म्हणाली की हे असं अचानक व्हायला नको होतं. याच भीतीनं तर तुमचं घर मी अभ्यासात घेतलं नव्हतं, त्या मिठात नेमकं हेच असतं.

अक्काताई त्याच बाकड्याच्या टोकाला बसली होती.

तिनं ते ऐकलं, आणि रोजच्या पेजेचं भांडं तिच्या डोळ्यांपुढं आलं. आपला हात तिनं पदराखाली घेतला. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. उद्यापासून डबा बंद केला की झालं, सौम्या कुणाला बोलली नसती. जिच्या हातचं जेवून पंचक्रोशीत कुणाचं पोट दुखलं नाही, तिच्या हातचं खाऊन शेजारीण मरणाच्या दारात गेली, हे गावात कळलं तर पुन्हा कोण आपल्याला चुलीपाशी बसू देईल? आणि नागोजीलाही याच हातानं घालवलं की काय, हेही मनात आलंच. पण मग गुणाबाई जन्मभर मशीनला बांधली जाणार. आपल्या तोंडाला कुलूप लागलं म्हणून.

ती उठली.

"मीठ मी दिलतं, बाई," ती म्हणाली. "तुमचंच. डबा भरून देत आलेय. पेजंत पण घातलंय, रोज, माझ्या हातानं."

अदितीनं अक्काताईला खाली बसवलं, स्वतः तिच्यासमोर उकिडवी बसली, आणि किती, कधीपासून, कालही घातलं होतं का, सगळं हळू आवाजात विचारून घेतलं. अक्काताईनं काही लपवलं नाही. अदिती आत जाऊन डॉक्टरांशी बोलली. बाहेर परशराम उभाच होता. आता हा काय म्हणेल, या विचारानं अक्काताईची मान वर होईना. तो कोपऱ्यातल्या माठाकडं गेला, पेला भरून आणला आणि म्हणाला, मावशी, सकाळपासून पाणी घेतलं न्हाईसा, घ्या आधी. तेव्हा मात्र तिला रडू आवरलं नाही.

मीठ बंद झालं, औषधं लागू पडली, रक्त पुन्हा पुन्हा तपासलं, आणि मशीनची गरज नाही असं डॉक्टर म्हणाले. किडन्या अशक्त होत्या, पण गेल्या नव्हत्या. गुणाबाईला बोलता यायला लागलं तशी अक्काताई तिच्या खाटेशी गेली. माफी कशी मागायची ते तिला येत नव्हतं, कारण या दोघींत तसला व्यवहारच कधी झाला नव्हता. ती नुसती पांघरुणाचा काठ सारखा करत राहिली.

गुणाबाईच आधी बोलली. "मला ठाव होतं गं, आक्का."

"काय?"

"हे मीठ मला चालत न्हाय म्हणून. त्या डाक्टरबाईंनी घरात येऊन सांगितलतं. मला वाटलं, चिमूटभरानं काय हुतंय."

अक्काताईला राग आला, खरा राग, पंगतीत यायचा तसला. "मग परत करायचं न्हाईस? भिंतीवर ठेवून द्यायचास डबा!"

"तू दिल्यालं मीठ परत करू व्हय?" गुणाबाई म्हणाली. "दाजी गेल्यापासनं तुझ्या तोंडावर हसू नव्हतं. डबा घेऊन आलीस तवा हसलीस."

अक्काताईनं तिचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही. या बाईनं आपल्या हसण्यापायी मरण पोटात घातलं, आणि आपण तिला वाचवतोय म्हणून मिरवत होतो. जगात माया कमी असती तर माणसं जास्त जगली असती, असं तिला त्या घडीला वाटलं. वाटलं आणि लगेच पटलंही नाही.

पुढं अदितीनं आपल्या कामाची रीत बदलली. आता ती कागदावर सही घेऊन थांबत नाही, घरात जी चूल सांभाळते तिच्याशेजारी चुलीपाशी बसून सांगते आणि तिच्याकडून परत वदवून घेते. घडलेली गोष्ट तिनं तिच्या वरच्या मंडळींना कळवली, अभ्यासात तशी नोंद झाली. आणि कुणी न सांगता अक्काताई तिच्याबरोबर घरोघर जाऊ लागली. दारात उभी राहून ती म्हणायची, हे मीठ चांगलंय, माझा बीपी उतरलाय, पण कुणाला देऊ नकोसा, मी दिलतं आणि माझी गुणी मरता मरता वाचली. पहिल्या दोन-तीन घरांत तिनं हे उंबऱ्याकडं बघत सांगितलं. नंतर समोरच्या बाईच्या डोळ्यांत बघून. गावानं तिला चुलीवरून उठवलं का? छे. उलट ज्या घरात किडनीचा त्रास होता त्या घरच्या बायका मागच्या दारानं येऊन तिला आपलं दुखणं सांगायला लागल्या.

त्या साली लक्ष्मीची यात्रा होती. अक्काताईनं नेहमीसारखा रांधपाचा ताबा घेतला. भाजीत मीठ पडायच्या आधी तिनं एका पातेल्यात थोडी भाजी वेगळी काढली, दुसऱ्यात आमटी काढली, आणि झाकून ठेवली. पंगत बसली तरी गुणाबाई मांडवाच्या खांबाशीच घुटमळत होती. एवढ्या बायकांत आपल्यासाठी वेगळं पातेलं येणार, सगळ्या बघणार, ते तिला नको होतं. मी घरी जाऊन खाते, असं ती परशरामच्या बायकोला सांगत होती.

अक्काताईनं ते बघितलं. पदराला हात पुसले, पातेली उचलली आणि गुणाबाईला दंडाला धरून पंगतीत आणून बसवलं. मग स्वतःही तिच्या शेजारी मांडी घातली. वाढणाऱ्या बायका बघतच राहिल्या, कारण अक्काताई शेवटची पंगत उठेपर्यंत कधी जेवत नसे. तिनं झाकण काढलं आणि अळणी भाजी आधी गुणाबाईच्या पानात वाढली, मग आपल्या. आमटीच्या दोन वाट्याही दुसऱ्या अळणी पातेल्यातून भरल्या.

पानाच्या वरच्या कडेला मीठ वाढत सौम्या ओळीनं येत होती. गुणाबाईच्या पानापाशी आली तशी ती थांबली आणि तिला सोडून सासूच्या पानावर चिमूट धरली. अक्काताईनं आपल्या पानावर आडवा हात धरला.

गुणाबाई हळूच म्हणाली, "तू तरी घे की गं. तुला कुठं मनाई हाय?"

"एका पंगतीत दोन चवी वाढत न्हाय मी," अक्काताई म्हणाली. "जेव."

सौम्या पुढच्या पानाकडं गेली. दोघींनी भाकरी मोडली आणि जेवायला लागल्या.